करुणेच्या नजरेने माणसांकडे पाहणं: मंडळीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, महिला संघाच्या बैठकीत, तरुण संघाच्या बायबल अभ्यासात हे प्रश्न फिरून फिरून येतात. काही मोठ्याने विचारले जातात, काही विचारताना आवाज खाली जातो. उत्तरं लिहिताना पवित्र शास्त्र तर समोर आहेच, पण आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांनी करून ठेवलेलं कामही आहे. ते आपण फार लवकर विसरतो, असं मला वाटतं.

"करुणेने बघा" असं सगळेच सांगतात. म्हणजे नेमकं करायचं काय?

आधी थांबायचं. मग समोरच्या माणसाकडे बघायचं. त्याची जात, त्याची चूक, त्याचा पगार, त्याचा आपल्याला होणारा उपयोग किंवा त्रास, हे सगळं थोडं बाजूला ठेवून बघायचं. आणि त्याच्या गरजेतलं जे आपल्याला करता येण्यासारखं आहे, ते करायचं.

शुभवर्तमानांत येशूला कळवळा आला असं जिथे जिथे लिहिलं आहे, तिथे लगेच पुढे काही ना काही घडतं. मत्तयाच्या 9व्या अध्यायात त्याला मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे गांजलेले, पांगलेले लोक दिसतात. तो शिष्यांना म्हणतो, कामकऱ्यांसाठी प्रार्थना करा, आणि 10व्या अध्यायात त्यांनाच कामाला पाठवतो. मार्क 6 मध्ये तो गर्दीला आधी शिकवतो, मग जेवू घालतो. नाईन गावाच्या वेशीजवळ एका विधवेच्या एकुलत्या एका मुलाची अंत्ययात्रा चाललेली असते, तिथे तो तिरडीला हात लावतो. मृताच्या तिरडीला हात लावला की माणूस विटाळतो, असं मानणाऱ्या समाजात त्याने हे केलं.

म्हणून नुसतं गहिवरून येणं म्हणजे करुणा नव्हे. आणि न बघता केलेली मदत ही मदत असते, पण तीही करुणा नव्हे.

येशू लोकांकडे कसा बघायचा, याचं एखादं ठळक उदाहरण?

माझ्या मते लूकच्या 7व्या अध्यायातली शिमोन परूश्याच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातल्या माणसाच्या, घरची पंगत. गावात पापी म्हणून माहीत असलेली एक बाई न बोलावता आत येते, येशूच्या पायांशी रडते, केसांनी पाय पुसते, सुगंधी तेल लावते. शिमोन मनात म्हणतो, हा खरोखर संदेष्टा असता तर आपल्याला शिवणारी ही कोण आणि कसली बाई आहे हे याला कळलं असतं. म्हणजे शिमोनाच्या लेखी तिची ओळख पक्की झालेली आहे, आता पुन्हा बघायची गरज उरलेली नाही.

येशू बाईकडे वळतो आणि बोलतो मात्र शिमोनाशी. त्याला विचारतो, ही बाई तुला दिसते ना? मग तो एकेक गोष्ट मोजून दाखवतो. मी तुझ्या घरी आलो, तू पाय धुवायला पाणी दिलं नाहीस, हिने आसवांनी धुतले. तू मुका घेतला नाहीस, ही मी आल्यापासून माझ्या पायांचे मुके घेते आहे. तू डोक्याला तेल लावलं नाहीस, हिने पायांना सुगंधी तेल लावलं. शिमोनाला तिचा इतिहास दिसत होता. येशूला तोही माहीत होता, पण आत्ता, या घटकेला तिचे हात काय करत आहेत, ते त्याने पाहिलं होतं.

यरीहोत जक्कय उंबराच्या झाडावर चढून बसला होता. रोमन सत्तेसाठी कर गोळा करणारा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. गावातल्या एकालाही त्याच्याशी बोलायची इच्छा नव्हती. येशूने वर बघून त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्याकडे उतरणार म्हणून सांगितलं. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचा आणि लुबाडलेलं चौपट परत करण्याचा शब्द जक्कयाने दिला, तो त्यानंतर. आपण हा क्रम उलटा लावतो. आधी परत कर, मग घरी येतो.

मला आतून काहीच वाटत नाही. मग मदत करणं ढोंग ठरत नाही का?

नाही. ज्याला कळवळा आलेला आहे असं दाखवायचं आहे तो ढोंग करतो. तुम्ही दाखवू नका, काम करा. भावना पुष्कळदा मागून येतात, आणि कधी येतही नाहीत.

आमच्या महिला संघाच्या भेटींत अर्धांगवायूने खिळलेल्या एका आजींकडे जाणं होई. वचन वाचायचं, प्रार्थना करायची, चहा घ्यायचा, निघायचं, असा परिपाठ ठरलेला. एकदा एका नव्या बाईंनी आजींना सरळ विचारलं, "आई, तुम्हाला काय करून देऊ?" आजी बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "नखं काप गं." लुळ्या हाताची मूठ वळलेली असायची. नखं वाढून तळव्यात रुतत होती, तळवा ओला राहून सोलवटला होता. सून सगळं मनापासून करायची, पण बंद मुठीच्या आत बघायचं तिच्याही लक्षात आलं नव्हतं. त्या बाईंनी कोमट पाण्यात हात भिजवला, एकेक बोट सोडवलं, नखं कापली, तळवा कोरडा करून मुठीत मऊ कापडाची घडी दिली. त्या दिवशी वचन वाचायचं राहिलं. प्रार्थना नखं कापता कापताच झाली.

आंधळ्या बार्तीमयाला काय हवं असणार हे कुणीही सांगितलं असतं. तरी येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं म्हणून तुझी इच्छा आहे? विचारण्यात माणसाचा मान असतो.

आणि मार्क 8 मधला बेथसैदाचा आंधळा विसरू नका. येशूने पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसली. येशूने पुन्हा हात ठेवला, तेव्हा स्पष्ट दिसू लागलं. आपल्यातल्या कित्येकांना माणसं अजून झाडांसारखीच दिसतात. तसं प्रार्थनेत मोकळेपणी सांगावं आणि दुसऱ्यांदा हात ठेवण्याची विनंती करावी.

पण समोरचा स्वतःच्याच चुकीने या दशेला आला असेल तर?

हा प्रश्न शिष्यांनीही विचारला होता. योहान 9 मध्ये जन्मांधाला पाहून ते विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू त्या हिशेबात शिरतच नाही. देवाचं काम याच्याठायी दिसावं, एवढं म्हणून तो माती कालवायला लागतो.

याच प्रश्नाचं आपल्या मातीतलं उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. रमाबाईंचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे पंडित, पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरणारं कुटुंब. रमाबाई ऐन तरुणपणात असताना दक्षिणेतल्या दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण उपासमारीने गेली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. 1883 मध्ये त्या लहान मुलीला घेऊन इंग्लंडला शिकायला गेल्या आणि वाँटेज इथल्या मठातल्या भगिनींकडे राहिल्या.

त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं आपलं काम पाहायला पाठवलं. समाजाने 'बिघडलेल्या' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथे घर चालत होतं. रमाबाईंनी शास्त्रं वाचलेली होती, अशा स्त्रियांना काय शिक्षा लिहिल्या आहेत ते त्यांना पाठ होतं. इथे मात्र बायका त्यांची प्रेमाने काळजी घेत होत्या. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या 4थ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना दूर ठेवत त्या समाजातल्या, स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली ती बाई. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो आणि आपण मशीहा आहोत हे तिला उघडपणे सांगतो. या प्रसंगाचा आपल्या मनावर किती खोल परिणाम झाला, हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा, 1890 मध्ये ती पुण्याला. 1896च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. स्वतः काढलेले उपासाचे दिवस त्यांच्या आठवणीत होते. त्यातूनच दौंड तालुक्यातल्या केडगावात मुक्ती सदन उभं राहिलं. फुलहॅममध्ये पाहिलेल्यासारख्या स्त्रियांसाठी तिथे कृपा सदन निघालं, आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन. कोणत्या मुलीचा दोष किती, हे ठरवून कुणाला दारातून परत पाठवलं असतं, तर केडगाव उभं राहिलं नसतं.

म्हणजे चूक दाखवायचीच नाही?

दाखवायची. योहान 8 मध्ये व्यभिचारात धरलेल्या एका स्त्रीला दगडमार करायला लोक घेऊन येतात. येशू तिला म्हणतो, मीही तुला दोषी ठरवत नाही, जा, यापुढे पाप करू नकोस. दोन्ही वाक्यं आहेत आणि याच क्रमाने आहेत. पण पहिलं वाक्य मनापासून म्हणता येत नसेल तोवर दुसरं आपल्या तोंडी शोभत नाही. हातात दगड धरलेल्यांनी तर मुळीच बोलू नये.

सिग्नलवर भीक मागणाऱ्याला पैसे द्यावेत का? त्यामागे टोळ्या असतात म्हणतात.

पैसे द्यावेत की नाही, यावर प्रामाणिक विश्वासणाऱ्यांत दोन मतं आहेत आणि ती राहणार. मूल भीक मागत असेल तर मी पैसे देत नाही, 1098 या बालकांच्या मदत क्रमांकावर कळवते. म्हाताऱ्या माणसाला देते. तुम्ही वेगळं ठरवाल.

काच वर करून नजर दुसरीकडे वळवणं मात्र आपण बंद करू शकतो. "नाही मावशी, आज नाही," हे डोळ्यांत बघून म्हणता येतं. येशूच्या दाखल्यात यरीहोच्या वाटेवर याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) दोघांनीही लुटारूंनी जखमी केलेल्या माणसाला पाहिलं होतं, असं लूक स्पष्ट लिहितो. पाहून ते दुसऱ्या बाजूने गेले. शोमरोनी माणसाने जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं आणि निघताना दोन दिनार दिले. एक दिनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. वर म्हणाला, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. हा परत येण्याचा शब्द आपण वाचताना हमखास सोडून देतो.

आजच्या महाराष्ट्रात 'मेंढपाळ नसलेली मेंढरं' कोण?

पुष्कळ आहेत. पण नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या साखरपट्ट्यातल्या मंडळ्यांनी तरी फार लांब बघू नये. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कामगारांच्या गाड्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे त्या बाईच्या श्रमाची वेगळी नोंदसुद्धा नाही. पहाटेच्या थंडीत उसाच्या फडात, मागे पाचटाच्या कोपीत लहान मुलं, शाळा सुटलेली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड, म्हणून गर्भाशयच काढून टाकलेल्या बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या बातम्या 2019 मध्ये आल्या आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

हंगाम चालू असतानाच नाताळ येतो. आपण तारे लावतो, गव्हाणी सजवतो, कॅरोल घेऊन ओळखीच्या घरी जातो. गावाबाहेरच्या कोप्यांवर कोयरला घेऊन जाणारी मंडळी मला फार थोडी माहीत आहे. गेलात तर जुने कपडे टाकून येऊ नका. त्यांना विचारा. पोरांना तीन-चार तास सांभाळायला कुणी मिळालं, गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली, तर त्यांचा दिवस खरोखर हलका होतो.

आपल्या मंडळ्यांत जात शिल्लक आहे. तिथे ही नजर कुठे जाते?

हा प्रश्न टाळायचा नाही असं ठरवूनच हे पान लिहायला घेतलं.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग दलित समाजातून आलेला आहे. नगर, जालना, संभाजीनगर भागातल्या गावोगावच्या मंडळ्या त्याच लोकांनी उभ्या केल्या, उपाशीपोटी केल्या. ख्रिस्त स्वीकारल्याने गावाने त्यांना वेगळी वागणूक दिली नाही, विहीर तीच बंद राहिली. आणि 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. दोन्हीकडून मार खाल्लेली ही माणसं आहेत.

असं असताना मंडळीच्या आत लग्न जुळवताना "मूळचे कोण" असा हळूच प्रश्न येतो. मिशन कंपाउंडमध्ये राहणारे आणि वाडीवरचे, असा भेद होतो. पंच कमिटीच्या निवडणुकीत कुणाच्या मागे कोण जातं, ते सगळ्यांना माहीत असतं. याकोबाच्या पत्राचा 2रा अध्याय यावर इतका स्पष्ट आहे की दुसरं भाष्य लागत नाही. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायांशी, असं केलंत तर तुम्ही पाप करता, असं तो लिहितो.

ही नजर एका दिवसात बदलत नाही, हेही खरं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं सोवळं-ओवळं सुटायला त्यानंतर काही वर्षं गेली आणि ते कसं सुटलं हे त्यांनी जराही न लपवता लिहून ठेवलं. प्रभुभोजनाला एका प्याल्यातून घेणाऱ्यांनी सोयरीक जुळवताना मागे सरावं, हे मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही.

आजारी माणसाजवळ जायची भीती वाटते. विशेषतः कुष्ठरोग्याजवळ.

भीती माहितीने कमी होते. कुष्ठरोग बरा होतो. 1980च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आला, प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतात, त्या मोफत मिळतात. उपचार सुरू झाल्यावर लवकरच त्या माणसापासून इतरांना लागण होण्याचा धोका राहत नाही. बोटं झडलेला माणूस दिसतो तो बहुधा केव्हाच बरा झालेला असतो, उरलेली असते ती जुनी इजा. तरीही 2019 मध्ये कायदा बदलेपर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या 1869च्या ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात होतं.

मार्क 1 मध्ये कुष्ठरोगी म्हणतो, तुझी इच्छा असली तर मला शुद्ध करता येईल. येशूला शब्दाने बरं करता आलं असतं. त्याने आधी हात पुढे करून त्याला स्पर्श केला. कित्येक वर्षांत त्या माणसाला कुणी शिवलं नसेल.

तुम्ही मदत करता ती धर्मांतरासाठी, असं शेजारी म्हणतात. काय उत्तर द्यावं?

आधी स्वतःला विचारावं, त्यात काही तथ्य आहे का? अन्न, औषध, शाळेची फी यांच्या बदल्यात कुणी उपासनेला यावं अशी अपेक्षा मनात असेल, तर शेजारी बरोबर बोलतात आणि आपण ख्रिस्ताच्या विरोधात वागतो आहोत. लूक 17 मध्ये येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले. एकच परत आला, तोही शोमरोनी. उरलेल्या नऊ जणांचं बरं होणं येशूने काढून घेतलं नाही.

डॉक्टर विल्यम वॉन्लेस 1889 मध्ये भारतात आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेला दवाखाना उभारला. पुढे दूरदूरहून सगळ्या जातिधर्मांचे लोक शस्त्रक्रियेसाठी मिरज गाठू लागले. ख्रिस्ताचं नाव तिथे झाकलेलं नव्हतं. पण खाटेवरच्या रोग्याचं दुखणं आधी बघितलं जाई. आपल्या विश्वासाबद्दल कुणी विचारलं तर मोकळेपणाने सांगावं. नाही विचारलं तरी डबा पोचवत राहावं.

नवरा मारतो. पाळकसाहेब म्हणतात, क्षमा कर, करुणेने बघ. मी काय करू?

आधी सुरक्षित जागी जा. बाकी सगळं नंतर.

ताई, करुणा म्हणजे मार खात राहणं नव्हे. येशूने स्वतःचा जीव दिला, तो त्याच्या इच्छेने. कुणी त्याच्यावर ते लादलं नव्हतं. नासरेथात लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघाले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला, असं लूक 4 मध्ये आहे. क्षमा मनात होऊ शकते आणि दरवाजाला कडी तरीही लावलेली असू शकते. मारणाऱ्याला मारत राहू देणं यात त्याच्यावरही दया नाही.

महिलांसाठी 181 हा मदत क्रमांक आहे, तातडीला 112. 2005च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. 2001 पर्यंत ख्रिस्ती स्त्रीला केवळ छळाच्या कारणावरून घटस्फोट मिळत नसे, सोबत व्यभिचारही सिद्ध करावा लागे. ती अट आता नाही. हे सगळं पाळकांनीही माहीत करून घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मार खाऊन आलेल्या बाईला प्रार्थना करून परत त्याच घरी पाठवू नका. आधी तिच्या अंगावरचे वळ बघा.

बाहेरच्यांशी मी बरी वागते. घरात मात्र जमत नाही.

बहुतेकांचं असंच आहे. बाहेरच्या माणसाची कहाणी आपण पहिल्यांदा ऐकत असतो. घरातल्याची शंभर वेळा ऐकलेली असते आणि पुढचं वाक्यही माहीत असतं.

स्मृतिभ्रंश झालेले सासरे तोच प्रश्न दिवसात वीसदा विचारतात. विसाव्यांदा उत्तर देताना आवाज चढतो. इथे मोठा उपदेश कामाचा नाही, छोट्या सोयी कामाच्या. मोठ्या अक्षरात वार आणि तारीख लिहिलेली पाटी त्यांच्या समोर लावा. रात्री त्यांना दिशा कळत नाही, तर संडासातला दिवा चालू ठेवा. दुपारी दोन तास दुसऱ्या कुणी बसावं असं नणंदा-दिरांना स्पष्ट सांगा. शांत झोप मिळालेल्या माणसाला करुणा जमते, जागरण झालेल्याला देवाची विशेष कृपा लागते.

सतत दुसऱ्यांचं बघून मीच थकले आहे.

मार्क 6:31 वाचा. लोकांची इतकी ये-जा होती की शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती. येशू म्हणाला, तुम्ही एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. पुढे लोक तिथेही आले आणि त्याला त्यांचा कळवळा आला, पण विसाव्याला पाठवणारा तोच होता, हे लक्षात ठेवा. "मला या महिन्यात जमणार नाही" असं महिला संघात सांगायला लाजू नका. आणि ज्या मंडळीत दर वेळी त्याच चार बायका रुग्णभेटीला जातात, त्या मंडळीने बाकीच्यांकडे बघायला हवं.

कांबळ्यांचं वाटप करताना फोटो काढले तर काय बिघडलं? देणगीदारांना दाखवावे लागतात.

पावती दाखवा, कांबळ्यांच्या गठ्ठ्याचा फोटो दाखवा. घेणाऱ्याचा चेहरा नको. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तय 6 मध्ये आहे. शिवाय तो फोटो गावातल्या ग्रुपवर फिरतो, आणि त्या माणसाचा मुलगा त्याच गावच्या शाळेत जात असतो.

मुलांना हे कसं शिकवावं?

गोष्टी सांगाव्यात, पण त्याहून जास्त त्यांना सोबत न्यावं. दवाखान्यात भेटायला जाताना डबा मुलाच्या हातात द्या. कामाला येणाऱ्या मावशींना पूर्ण नावाने ओळखायला आणि अहो-जाहो करायला शिकवा. संडे स्कूल सुटल्यावर पाठांतर किती झालं हे विचारायच्या आधी विचारा, आज वर्गात कोण एकटं बसलं होतं? त्याने एखादं नाव सांगितलं, तर पुढच्या रविवारी त्या मुलाला त्याच्या आईवडिलांसकट जेवायला बोलवा.